अर्धं तिकीट

फिक्स्ड डिपॉझिट मुदतीआधी मोडू नये, असा सल्ला मी गेली बावीस वर्षं बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूने लोकांना देत आलो आहे. 'अहो, व्याज बुडतं, शिवाय दंड बसतो,' हे वाक्य मी झोपेतसुद्धा बिनचूक म्हणतो, असं आमच्या सौ.चं म्हणणं आहे. तोच मी 2024 च्या मार्च महिन्यात काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो आणि स्वतःचं डिपॉझिट मुदतीआधी मोडलं. फॉर्म पुढे सरकवताना सहकाऱ्याने हळू आवाजात विचारलं, "घरी कोणी आजारी आहे का?"

"छे, छे! सहकुटुंब सिंगापूरला जातोय."

"म्हणजे आहे," तो म्हणाला.

या आजाराचं मूळ 'मुलांना जग दाखवलं पाहिजे' या वाक्यात होतं. हे वाक्य मोठं बेरकी आहे. त्याच्याविरुद्ध बोलणारा बाप हा बाप नव्हे, कंजूष ठरतो. "सोसायटीतली सगळी मुलं परदेश बघून आली, आपली अजून कात्रजच्या बोगद्यापलीकडे गेली नाहीत," असं सौ. म्हणाली. महाबळेश्वर बोगद्यापलीकडेच आहे, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. पण असल्या मुद्द्यावर नवऱ्याने वाद जिंकल्याचं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

पडलो कॉमर्सचा पदवीधर. म्हणून जाण्याआधी मी रीतसर एक तक्ता केला. त्यात चार रकाने होते : स्थळ, तिकीट, लागणारा वेळ आणि मुलांना मिळणारं ज्ञान. चौथा रकाना मी रात्री जागून भरला. त्यामुळे मर्लायनपुढे उभा राहिलो तेव्हा मला सगळं तोंडपाठ होतं. "बाळांनो, हा पुतळा साडेआठ मीटरहून उंच आहे. वजन सत्तर टन. 1972 साली उभारला आणि 2002 साली इथे हलवला. धड माशाचं, तोंड सिंहाचं. सिंगापूर म्हणजे मूळचं सिंहपूर, बरं का!" थोरली मोबाईलमध्ये बघत होती. आठ वर्षांचा धाकटा मात्र एकटक पुतळ्याकडे बघत होता. मला भरून आलं. मग त्याने विचारलं, "बाबा, त्याला उलटी होतेय का?"

सहा दिवस असेच गेले. मी दाखवत होतो आणि मुलं बघत होती. फक्त मी दाखवत होतो ते सोडून. सौ. दुकानात काही उचलायची, त्याला मनातल्या मनात बासष्टने गुणायची आणि परत ठेवायची. लहानपणी तिसाच्या पुढचे पाढे आम्ही टाळले होते, त्याची सिंगापूरने चक्क व्याजासकट वसुली केली. पाण्याच्या बाटलीचे दोन डॉलर ऐकल्यावर तर आम्हा नवरा-बायकोची तहानच मेली.

परत आलो. जून उजाडला, शाळा सुरू झाली. बाईंनी धाकट्याच्या वर्गाला निबंध दिला : 'मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ.' मी मनात म्हटलं, डिपॉझिटचं व्याज आता मिळणार! धाकटा झोपल्यावर मी हळूच वही उघडली. निबंध असा होता :

'सिंगापूर हे एक प्रेक्षणीय स्थळ आहे. तिथे एक मेट्रो आहे. तिला ड्रायव्हर नाही. मी पुढच्या काचेपाशी उभा राहून ती चालवली. तिथे सिंहाच्या तोंडातून पाणी येते. त्याचे वजन बाबांना माहीत आहे. एका मैनेने आईच्या ताटातला पराठा पळवला. आई मराठीत ओरडली. मैनेला कळले नाही. तिथे सगळे जण जेवल्यावर आपले ताट आपण उचलतात. बाबांनी पण उचलले. घरी आल्यावर बंद केले. तिथे हिरवा माणूस लागल्याशिवाय कोणी रस्ता ओलांडत नाही. बाबा पण थांबायचे. पुण्यात थांबत नाहीत. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते आणि ताईचे वय एक वर्ष मागे असते. पक्षी बघायला गेलो तेव्हा ती बारा वर्षांची होती. परत आल्यावर पुन्हा तेरा वर्षांची झाली. मला सिंगापूर खूप आवडले.'

मेट्रोपर्यंत मी मोठ्याने हसलो. मैनेपाशी सौ.ला उठवावं असं वाटलं. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये आपला पराठाच 'प्राटा' म्हणून मिळतो. त्याला बासष्टने गुणून झाल्यावर तो मैनेने पळवला होता, तेव्हा आईचं ओरडणं साहजिक होतं. ताटापाशी माझं हसू थोडं आखडलं. आणि घड्याळाच्या वाक्यावर ते घशातच अडकलं.

आता प्रकार असा घडला होता. मंडाईला 'बर्ड पॅराडाईज' म्हणून पक्ष्यांचं मोठं उद्यान आहे. 1971 पासून चालत आलेलं जुरोंगचं जुनं पक्षी उद्यान 2023 च्या जानेवारीत बंद झालं आणि त्याच वर्षी मे महिन्यात हे उघडलं. साडेतीन हजार पक्षी, चारशेच्या आसपास जाती. (चौथा रकाना!) तिथे तीन ते बारा वर्षांच्या मुलांना कमी दराचं तिकीट आहे, तेरापासून पुढे माणूस मोठा. आमच्या थोरलीला मार्चमध्ये तेरा पूर्ण झाली होती. दोन तिकिटांत फरक साधारण पंधरा डॉलरांचा. बासष्टने गुणा. रांगेत उभ्या उभ्या मी गुणलं. नऊशे तीस! मी तिच्या कानाशी लागून म्हटलं, "विचारलं तर बारा सांग हं." ती काहीच बोलली नाही. "आणि दोन वेण्या घाल बघू पटकन." तिने घातल्या.

खिडकीतल्या मुलीने विचारलंच नाही. मी 'टू अ‍ॅडल्ट्स, टू चिल्ड्रन' म्हटलं, तिने हसून तिकिटं दिली, नकाशा दिला आणि दिवस छान जावो म्हणाली. तिने जन्मतारीख विचारली असती, पासपोर्ट मागितला असता, तर निदान सामना झाला असता. तिने नुसता विश्वास ठेवला. विश्वास ठेवणाऱ्याला फसवण्यात काही कर्तबगारी नसते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

वही मिटून मी स्वतःशी युक्तिवाद सुरू केला. बारा वर्षं दोन महिने म्हणजे हिशेबात बाराच, पैसे नाही का आपण राउंड ऑफ करत? मग लक्षात आलं की दोन महिने वर होते ते तेरावर. बरं, नऊशे तीस रुपयांनी त्या उद्यानाचं काय वाकडं होणार होतं? खरंच काही होणार नव्हतं. पण मग माझं तरी काय होणार होतं? सहलीचा एकूण खर्च साडेतीन लाखांच्या घरात. त्यावर नऊशे तीस म्हणजे जेमतेम पाव टक्का. एवढ्या दराने मी पोरीचं एक वर्ष विकलं होतं.

आणि टक्क्यांवरून मला ते गृहस्थ आठवले. साठ वर्षं पूर्ण झालेल्यांना आम्ही ठेवीवर अर्धा टक्का व्याज जास्त देतो. त्याच वर्षी एक गृहस्थ निवृत्तीचे पैसे ठेवायला आले. त्यांना साठ पूर्ण व्हायला आठ दिवस कमी होते. "साहेब, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. मी चष्मा वर करून म्हटलं, "काका, नियम म्हणजे नियम. आठ दिवसांनी या." उन्हातून आलेला माणूस, उन्हातून परत गेला. नियमाप्रमाणे मी बरोबरच होतो. पण ज्या माणसाला काउंटरच्या आत बसल्यावर आठ दिवस दिसतात, त्याला बाहेर उभं राहिल्यावर दोन महिने कसे दिसत नाहीत? काउंटरची काच एकाच बाजूने पारदर्शक असते की काय?

त्यातून सिंगापूर म्हणजे दंडाचं माहेरघर. तिथे दंडांची यादी छापलेले टी-शर्ट विकतात, त्यावर 'फाइन सिटी' लिहिलेलं असतं. फाइन म्हणजे छानही आणि दंडही. च्युइंगमच्या विक्रीवर 1992 पासून बंदी आहे. खाण्याच्या ठिकाणी आपलं ताट आपण उचलून ठेवायचं, हाही 2021 पासून नियमच. सहा दिवस मी असा सज्जन होतो की माझ्या आईनेही मला ओळखलं नसतं. रिकाम्या रस्त्यावर हिरव्या माणसाची वाट बघत मी उभा राहिलो. बसच्या तिकिटाचा कपटा खिशात घालून पुण्यापर्यंत आणला. मला वाटत होतं, वा, परदेशाने आपल्यावर केवढे संस्कार केले! धाकट्याच्या निबंधाने हिशेब उलगडून दाखवला. जिथे जिथे दंड होता तिथे तिथे मी प्रामाणिक होतो. जिथे नुसता विश्वास होता, तिथे मात्र नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोडरबर घेऊन धाकट्याच्या शेजारी बसलो.

"निबंध फार छान झालाय हं. एवढं एकच वाक्य काढूया."

"चुकलंय का?"

"चुकलं असं नाही..."

"ताई बारा वर्षांची नव्हती झाली?"

"म्हणजे... तेवढ्यापुरती झाली होती."

"मग तेच तर लिहिलंय मी!"

खोडरबर माझ्या हातात होतं. एक खोटं लपवायला दुसरं लागतं, हे आपण सुविचाराच्या फळ्यावर वाचलेलं असतं. पण ते दुसरं इतक्या लहान आकाराचं, पांढरं आणि आठ वर्षांच्या मुलाच्या कंपासपेटीत मिळणारं असतं, याची मला कल्पना नव्हती. मी ते पेटीत परत ठेवलं. वाक्य तसंच शाळेत गेलं. बाईंनी 'ओलांडत' मधला अनुस्वार लाल शाईने ठळक केला आणि शेवटी शेरा मारला : 'निरीक्षण छान. दहापैकी नऊ.' पुढे पालकसभेत बाई माझ्याकडे बघून हसल्या. ते हसणं नेहमीचंच असेल. पण त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो.

खरी गोष्ट अजून पुढेच आहे. त्या आठवड्यात एका रात्री मी सहलीचे फोटो काढून बसलो. पक्षी उद्यानातले फोटो एका मागून एक बघत गेलो. धाकटा पेंग्विनसारखा उभा आहे. सौ. फ्लेमिंगोंच्या पार्श्वभूमीवर गॉगल लावून उभी आहे. आणि थोरली सगळ्या फोटोंत दोन वेण्या घालून, ओठ मिटून उभी आहे. त्या दिवशी मी ते उन्हावर घातलं होतं. आदल्या आणि नंतरच्या दिवसांतल्या फोटोंत ती हसत होती. ऊन तर सहाही दिवस सारखंच होतं.

ती अभ्यास करत होती. मी जाऊन शेजारी बसलो आणि विचारलं, "त्या दिवशी तुला राग आला होता का गं?"

"राग नाही आला," ती वहीतून मान न काढता म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "बाबा, तेव्हा आपले पैसे संपत आले होते ना?"

"का गं?"

"मला वाटलं, संपले असतील म्हणून तू तसं सांगितलंस. म्हणून मग मी दिवसभर काही मागितलंच नाही. आइस्क्रीमपण नको म्हटलं."

वाचकहो, मला तेव्हा एकदम पन्हाळा आठवला.

मी तेरा वर्षांचा होतो. म्हणजे साल 1992. सांगलीहून आम्ही सगळे एस.टी.ने पन्हाळ्याला गेलो होतो. एस.टी.त बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. कंडक्टर जवळ आला तसे माझे वडील, म्हणजे अण्णा, हळूच म्हणाले, "जरा वाकून बस." मी गुडघे पुढे घेऊन, खांदे पाडून, जमेल तेवढा लहान झालो. "चालू अकरावं," अण्णा कंडक्टरला म्हणाले. त्यांनी सज्जाकोठी दाखवली असणार, तीन दरवाजा दाखवला असणार, अंबारखान्यातल्या गंगा, जमुना, सरस्वती या कोठारांत किती धान्य मावायचं तेही सांगितलं असणार. चौथा रकाना आमच्या घराण्यात पिढीजात आहे. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतात ते माझे दुखणारे गुडघे, कंडक्टर पुढे गेल्यावर अण्णांनी पुसलेला घाम आणि वाचलेल्या पैशांत सगळ्यांना पाजलेला उसाचा रस. स्वतः अण्णा तो प्याले नव्हते. मला कधी राग आला नाही. कारण अण्णांचा पगार वीस तारखेला संपतो, हे मला ठाऊक होतं.

माझ्या लेकीने माझ्या खोटेपणाला अण्णांचं कारण देऊन टाकलं होतं. केवढी सोय होती! नुसतं 'हो' म्हटलं असतं की मी तिच्या डोळ्यांत एकदम अण्णांएवढा झालो असतो. पण अण्णांच्या खिशात नव्हते, माझ्या खिशात होते. वाचलेल्या पंधरा डॉलरांचा मी कोणाला रस पाजला नव्हता. ऑफिसात वाटायला मर्लायनच्या किल्ल्यांच्या साखळ्या घेतल्या होत्या. त्यांतल्या दोन अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

"नाही गं," मी म्हटलं. "पैसे होते. मी चुकलो."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी आइस्क्रीम उगाचच सोडलं!"

रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. आम्ही तसेच उठलो, धाकट्याला बरोबर घेतलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दंड म्हणून तिने दोन स्कूप घेतले. मी गुणाकार केला नाही.

मुलांना जग दाखवायला न्यावं की नेऊ नये, हा प्रश्न मला हल्ली कोणीकोणी विचारतं. परदेशी जाऊन आलेल्या माणसाला सल्ला देण्याचा परवाना आपोआपच मिळतो. मी म्हणतो, जरूर न्या. डिपॉझिट मोडून न्या. फक्त एक ध्यानात ठेवा. आपण त्यांना पुतळे, पूल, उंच इमारती दाखवत असतो, तेव्हा त्यांची पाठ त्या इमारतींकडे आणि तोंड आपल्याकडे असतं. सत्तर टनांचा सिंह विसरला जातो, पण रांगेत कानाशी लागून पुटपुटलेले पाच शब्द राहतात. घरी असताना आपण त्यांना इतके सलग बघायला मिळत नाही. सकाळी बापाची पाठ, रात्री बापाचं घोरणं. सहलीत मात्र सहा दिवस, चोवीस तास, अगदी जवळून. खरं प्रेक्षणीय स्थळ आपणच असतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. लहान खोटं हे खोटं असतं की नाही, यावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहिलं असेल. माझं उत्तर एका कारकुनाचं आहे : रक्कम किती लहान आहे हे नंतर बघू, आधी ती कोणाच्या खात्यात जमा झाली ते बघा.

2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घातले. त्यांत पन्हाळा होता. दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा अण्णा म्हणाले, "चला, मुलांना दाखवू या. पण एस.टी.ने!" कोल्हापूरच्या स्टँडवर आम्ही सहकुटुंब गाडीत चढलो. कंडक्टर आला. सौ. आणि थोरली यांना 2023 पासूनच्या महिलांच्या सवलतीत अर्धं तिकीट. "मुलाचं वय?" त्याने विचारलं. धाकट्याने माझ्याकडे बघितलं. थोरलीनेही बघितलं. "साडेनऊ," मी म्हटलं. अगदी खरं. तेही अर्धं. पुरतं तिकीट तेवढं माझं एकट्याचं.

"आणि आजोबा?"

अण्णांनी खिशातून आधार कार्ड काढून कंडक्टरच्या हातात ठेवलं. पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना एस.टी. फुकट नेते. कंडक्टरने कार्ड बघितलं, शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेला. अण्णा ताठ बसले. त्यांचा चेहरा असा काही उजळला होता!

"बघितलंस?" ते मला म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा खरं वय सांगून तिकीट वाचलं!"

तेवढ्यात वळणावरून गड दिसायला लागला. "ते बघ, ते बघ! पन्हाळा!" मी धाकट्याला म्हटलं.

तो अण्णांकडे बघत होता.